एका आयडीखाली अनेक मुलं

फी भरायचा शेवटचा दिवस. इंदूरला विजयनगरातल्या आमच्या ऑफिसात सपोर्टचा फोन सारखा वाजत होता. रामबागेतल्या एका काकूंनी माझं मराठी ऐकलं आणि सरळ विचारलं, "अरे दादा, पैसे कटले, पावती नाही आली. पोराची अ‍ॅडमिशन तर नाही ना जाणार?"

ते फी भरायचं पोर्टल म्हणजे जुनं जावा अ‍ॅप्लिकेशन, टॉमकॅट या सर्व्हरवर चालणारं, लॉगिंगला (काय घडलं त्याच्या नोंदी लिहायला) लॉग४जे १.२ ही लायब्ररी. टॉमकॅट प्रत्येक रिक्वेस्ट पूलमधल्या मोकळ्या थ्रेडकडे सोपवतो (थ्रेड म्हणजे प्रोग्रॅममधला एक कामकरी, पूल म्हणजे अशांचा जथा). एकच थ्रेड आत्ता काकूंचं काम करतो, क्षणभराने दुसऱ्याचं. त्यामुळे थ्रेडच्या नावावरून गर्दीत माणूस सापडत नाही. म्हणून आम्ही सर्व्हलेट फिल्टर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टच्या आधी-नंतर चालणारा कोड, लावलेला होता: रिक्वेस्ट आली की यूयूआयडी (दुसऱ्या कुणाशी न जुळणारा आयडी) बनवायचा, एमडीसीत (त्या थ्रेडच्या खिशात, जिथून लॉग४जे वाचतो) ठेवायचा, लॉगच्या प्रत्येक ओळीत छापायचा आणि शेवटी 'फायनली'मध्ये (काहीही झालं तरी चालणाऱ्या भागात) काढून टाकायचा.

काकूंच्या ऑर्डर नंबरवरून आयडी मिळाला. त्यावर ग्रेप मारला, म्हणजे लॉगमध्ये तो शोधला, तर खाली भलत्याच मुलांच्या पावत्या, एकामागून एक! टीम लीड म्हणाले, "डेटा मिसळतोय, पोर्टल बंद करा." शेवटच्या दिवशी पोर्टल बंद म्हणजे शेकडो घरांची झोप उडणार. मी आधी डेटाबेस तपासायला लावला. तिथे प्रत्येक पावती ज्याची त्याच्याच नावावर होती. खोटं बोलत होता तो फक्त आयडी.

पावती बनवून मेल करायचं काम वेगळ्या थ्रेड पूलमध्ये चालायचं. लॉग४जे १.२ मध्ये नवा थ्रेड जन्मताना आपल्या जन्मदात्या थ्रेडच्या एमडीसीची प्रत घेतो. काकूंच्या रिक्वेस्टमुळे पूलमध्ये एक थ्रेड वाढला आणि त्यांचा आयडी त्याला कायमचा चिकटला. फिल्टर पुसायचा तो मूळ थ्रेडवरचा. या प्रतीपर्यंत त्याचा हात पोहोचतच नव्हता. लॉगबॅक या दुसऱ्या लॉगिंग लायब्ररीने १.१.५ आवृत्तीपासून हा वारसा बंद केला, आणि ते योग्यच केलं. आयडी नसेल तर माणूस निदान शोधत राहतो. चुकीचा असेल तर खात्रीने चुकीच्या घरी जातो.

एकदा हे कळल्यावर त्या थ्रेडच्या अगदी पहिल्या ओळी वाचल्या. त्या खरोखर काकूंच्याच होत्या: मेल सर्व्हरने वेळेत उत्तर दिलं नाही, आणि पुन्हा प्रयत्न करणारा कोडच नव्हता. पावती परत पाठवली, काकूंना फोन केला, अडकलेले बाकीचे मेलही शोधून काढले.

नंतर पूलला दिलं जाणारं प्रत्येक काम एका वेष्टनात घातलं: काम सोपवतानाचा आयडी सोबत द्यायचा, सुरुवातीला एमडीसीत ठेवायचा, काम फसलं तरी शेवटी पुसायचा. आयडीची पहिली आठ अक्षरं आता फी भरणाऱ्याच्या स्क्रीनवरही दिसतात. फोनवर तेवढी वाचून दाखवली की आम्ही थेट त्याच ओळींवर जातो.