आईसाठी बिनअंड्याचा पॅव्हलोव्हा

डिसेंबर लागला की इथे ऑकलंडमध्ये पोहुतुकावाची झाडं लालभडक फुलतात, ऐन उन्हाळ्यात ख्रिसमस येतो आणि ऑफिसच्या फ्रिजवर कोण काय करून आणणार याची यादी लागते. सात वर्षांपूर्वी त्या यादीत मी पहिल्यांदा तीन अक्षरं बघितली, पी ए व्ही, आणि माझ्या मराठी डोळ्यांनी ती सरळ 'पाव' अशीच वाचली. तो निघाला पॅव्हलोव्हा. अंड्याच्या पांढऱ्याचा आणि साखरेचा मोठ्ठा गोल मेरिंग, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ लुसलुशीत, वर फेटलेलं क्रीम आणि त्यावर स्ट्रॉबेरी, रासबेरी, ब्लूबेरी नुसत्या ओतलेल्या. पहिला घास खाल्ला तेव्हाच ठरवलं की हे आपण घरी करायचं.

नाव अ‍ॅना पॅव्हलोव्हा या रशियन बॅले नर्तिकेवरून पडलंय, ती 1926 साली ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या दौऱ्यावर आली होती. हा पदार्थ आमचा की तुमचा हे भांडण दोन्ही देशांत चालूच आहे, तिकडचे लोक पर्थच्या एका हॉटेलातल्या 1935 च्या शेफचं नाव घेतात आणि इकडचे म्हणतात की आमच्याकडे त्याच्या आधीच रेसिपी छापून आलेल्या होत्या. मी इथे राहते त्यामुळे मी कुठल्या बाजूने आहे ते सांगायला नको :)

आता कृती. चार अंड्यांचं पांढरं, 220 ग्रॅम बारीक साखर, एक छोटा चमचा पांढरं व्हिनेगर, दोन छोटे चमचे कॉर्नफ्लोर, थोडा व्हॅनिला. अंडी फ्रिजमधून काढल्या काढल्या फोडायची, गार असताना बलक नीट वेगळा होतो, पण फेटायचं मात्र पांढरं रूम टेंपरेचरला आल्यावर. बलकाचा एक थेंब जरी आत गेला तरी फेस हवा तसा उभा राहत नाही कारण त्यात फॅट असतं, म्हणूनच प्लास्टिकचं भांडं नको, त्याला तुपातेलाचा ओशटपणा चिकटून राहतो. स्टीलचं घ्या आणि आतून व्हिनेगरच्या बोळ्याने पुसून घ्या. व्हिनेगरमुळे फेस टिकतो आणि कॉर्नफ्लोरमुळे आतला भाग मऊ राहतो.

फेस उभा राहायला लागला की साखर एकेक चमचा घालायची, आणि इथेच घाई नडते. मी पहिल्या वर्षी भराभरा ओतली होती, त्यात बाहेर धो धो पाऊस, दुसऱ्या दिवशी ऑफिसात डबा उघडला तर केकच्या बुडातून पाक सुटलेला आणि वरचं कवच चिकट झालेलं. न विरघळलेली साखर अशीच पाझरते, आणि दमट हवेत मेरिंग ओलावा ओढून घेतो, त्यामुळे कोरडा दिवस मिळाला तर तोच धरा. साखर विरघळली का हे कळायला फेसाचा एक ठिपका चिमटीत घेऊन चोळून बघायचा, कण लागले तर अजून फेटायचं.

ओव्हन 150 ला तापवून ठेवायचा, केक आत ठेवला की 120 वर आणायचा, सव्वा तास. मग बंद करायचा आणि दार उघडायचं नाही, मी रात्री करते आणि सकाळीच बाहेर काढते. तडे जातातच, जाऊ देत, वर क्रीम येणारच आहे.

या वर्षी आई आलीये वाईहून. आई माळकरी, अंडं खात नाही, आणि गेल्या वेळी ती आली होती तेव्हा सगळे पॅव्हलोव्हा खात होते आणि ती वाटीत नुसत्या स्ट्रॉबेऱ्या घेऊन बसली होती. तिने काहीच म्हटलं नाही पण माझ्या मनातून ते दृश्य गेलं नाही. म्हणून या वेळी काबुली चण्याच्या पाण्यावर केला. हो, डब्यातल्या चण्याचं जे घट्टसर पाणी आपण सिंकमध्ये ओतून देतो तेच, त्यात चण्यातली प्रथिनं उतरलेली असतात आणि ते अगदी अंड्याच्या पांढऱ्यासारखं फुगतं. बिनमिठाचा डबा घ्यायचा, साधारण 120 मिली पाणी निघतं, त्याला तेवढीच म्हणजे 120 ग्रॅम साखर आणि पाव चमचा क्रीम ऑफ टार्टर. वेळ मात्र लागतो, आधी दहा मिनिटं नुसतं फेटायचं आणि मग साखर. आईसाठी नवं भांडं आणि मिक्सरच्या नव्या जाळ्या आणल्या, जुन्यांना अंडं लागलेलं, ते तिला चाललं नसतं आणि मलाही नको होतं.

ती शेजारी उभी राहून बघत होती. पांढराशुभ्र फेस वर यायला लागला तशी म्हणाली, "अगं हे चण्याचं पाणी आहे?" मी साखर घालून झाल्यावर मिक्सर बंद केला तर तिने न विचारता बोट घातलं, अंगठा आणि तर्जनीत तो फेस घेतला, एकतारी पाक बघताना बघते ना, अगदी तसाच, आणि डोळे मिटून चोळला. "अजून खरखरतंय. थांब जरा." मला तर झालाय असं वाटत होतं. अजून चार मिनिटं फेटला, परत चिमूट, "आत्ता."

याचा एक मोठा केक करू नका, खचतो. मी वाटीएवढे सहा केले, 100 डिग्रीला पावणेदोन तास, मग तसेच आत गार होऊ दिले. भाजल्यावर चण्याचा वास अजिबात राहत नाही. क्रीम अगदी वाढायच्या वेळेलाच घाला, अंड्याच्या केकपेक्षा हा लवकर विरतो. बेरी आधी धुऊन पूर्ण कोरड्या करायच्या, देठ नंतर काढायचे, नाहीतर आत पाणी शिरतं आणि क्रीम पातळ होतं. आणि भारतात करणाऱ्यांसाठी, आपल्याकडचं टेट्रापॅकमधलं फ्रेश क्रीम 25 टक्के फॅटचं असतं, ते कितीही फेटलं तरी उभं राहणार नाही, 35 टक्क्यांच्या पुढचं व्हिपिंग क्रीमच शोधा. आणि जाड दाण्याची साखर मिक्सरमधून दोनतीनदा फिरवून घ्या, पिठी नको करू.

स्ट्रॉबेऱ्या आम्ही कुमेऊकडच्या शेतातून स्वतः खुडून आणल्या होत्या. आईला त्यात काही नवल नाही, पसरणी घाट चढलं की पाचगणी, आयुष्यभर स्ट्रॉबेरी बघितलीये तिने. ती म्हणे आपली जास्त आंबट असते आणि या क्रीमबरोबर तीच छान लागली असती. मला पटलं, इतक्या गोड मेरिंगवर आंबटच फळ हवं, म्हणून तर इथले लोक वर पॅशनफ्रूटचा गर घालतात.

तिने पहिला तुकडा चमच्याने तोडला, कवच कट्कन तुटलं. "बत्तासाच की गं हा," म्हणाली, "आतून ओला बत्तासा." दोन खाल्ले तिने, आणि दुसरा मागून घेतला.

उरलेल्या चण्यांची संध्याकाळी उसळ झाली. रात्री ओटा आवरायला गेले तर मोठ्या पातेल्यात किलोभर काबुली चणे भिजत घातलेले, डब्यातलं पाणी कशाला, घरी शिजवू म्हणाली. मी एवढंच सांगितलं, शिजवताना मीठ घालू नकोस.