भूतान: घड्याळ अर्धा तास पुढे करा

भूतानच्या सरहद्दीला लागून आपल्याकडचं शेवटचं गाव जयगाव. तिथल्या बाजारात हॉर्नचा इतका कल्ला होता की फोनवर बोलताना दुसऱ्या कानात बोट घालावं लागत होतं. तपासणी करून हद्द ओलांडली, पलीकडे भूतानमधल्या फुंटशोलिंगच्या रस्त्यावर आलो आणि आई थबकली. म्हणाली, "इथे आज सुट्टी आहे का?" सुट्टी नव्हती. गाड्या होत्या, माणसं होती, फक्त हॉर्न कोणी वाजवत नव्हतं. आम्ही रस्ता ओलांडायला कडेला उभे राहिलो तर समोरची गाडी चक्क थांबली. आम्ही तिच्याकडे बघतोय, ती आमच्याकडे. शेवटी ड्रायव्हरनेच हाताने "जा" म्हणून खुणावलं.

पहिली फजिती दुसऱ्याच दिवशी झाली. भूतानचं घड्याळ भारताच्या अर्धा तास पुढे आहे. पण सरहद्दीवर मोबाइल भारतीय टॉवर पकडून बसतो आणि वेळही भारतातलीच दाखवतो. आम्ही आपले वेळेवर खाली उतरलो, तर आमचा ड्रायव्हर अर्धा तास पायरीवर बसून होता. रागावला नाही, नुसता हसला. गेल्या गेल्या वेळ हाताने बदलून टाका.

दुसरी होता होता टळली. आमच्या एजंटने "आधार चालतं हो" म्हणून ठासून सांगितलं होतं. चालत नाही. भारतीयांना पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र लागतं, लहान मुलांना जन्मदाखला. आईचं मतदार कार्ड तिच्या पर्सच्या चोरकप्प्यात सापडलं, कारण निवडणुकीनंतर ते तिथून काढायचं राहूनच गेलं होतं! पासपोर्ट नेणार असाल तर त्याची मुदत किमान सहा महिने शिल्लक आहे ना, ते आधी बघा.

खर्चाचा मोठा आकडा म्हणजे तिथली शाश्वत विकास फी. भारतीयांना माणशी दर रात्री १२०० रुपये, बाकी बहुतेक परदेशी पर्यटकांना १०० डॉलर. आमच्या गटात यावरून बरीच कुरकुर झाली. माझं मत विचाराल तर पहिल्या दोन दिवसांत पैसे वसूल झाले. गर्दी नाही, कचरा नाही, आणि देवळाच्या दारात तुम्हाला ओढणारं कोणी नाही. जादा दिवसांचा मोह मात्र टाळा. पाच-सहा रात्री नीट बेतल्या तर पुरतात.

फुंटशोलिंग ते थिंफू साधारण १५० किलोमीटर, पण वळणं इतकी की पाच तास धरा. गाडी लागणाऱ्यांनी गोळी निघतानाच घ्यावी. फुंटशोलिंग जेमतेम ३०० मीटरवर आहे आणि थिंफू २३०० मीटरच्या वर, त्यामुळे एकाच दिवसात घाम आणि स्वेटर दोन्ही होतं.

थिंफू ही राजधानी, आणि तिथे ट्रॅफिक सिग्नल नाही. मुख्य चौकात नक्षीदार छत्रीखाली पांढरे हातमोजे घातलेला पोलीस उभा असतो. मध्यंतरी सिग्नल बसवला होता म्हणे, लोकांना तो कोरडा वाटला, काढून टाकला. मी समोरच्या कट्ट्यावर बसून वीस मिनिटं नुसते त्या पोलिसाचे हात बघितले. भरतनाट्यमचा हा कोणता प्रकार, असा प्रश्न पडावा इतकी सफाई.

या देशाचं वेगळेपण मला वाटतं त्यांच्या 'नको' म्हणण्यात आहे. टीव्ही आणि इंटरनेट १९९९ पर्यंत नको. राज्यघटनेतच लिहिलंय की किमान ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली राहील. गांगखार पुएनसुम हे ७५७० मीटरचं शिखर आजही कोणी सर केलेलं नाही, कारण शिखरं देवांची मानतात आणि २००३ पासून गिर्यारोहणच बंद आहे. फोब्जिखाच्या खोऱ्यात हिवाळ्यात काळ्या मानेचे क्रौंच उतरतात. त्यांना तारा लागू नयेत म्हणून तिथली वीज जमिनीखालून नेली आहे. हे ऐकलेलं असतं, पण त्या पिवळ्या पडलेल्या दलदलीत एकही खांब न दिसता क्षितिज मोकळं दिसतं ना, तेव्हा ते कळतं. नोव्हेंबरात जाणार असाल तर ११ तारखेला त्याच खोऱ्यातल्या गांगतेच्या मठात क्रौंचांचा उत्सव असतो. थंडी मात्र कडाक्याची. मी दोन स्वेटर घालून झोपलो.

आता सगळंच गोड नाही. १९९० च्या दशकात नेपाळी भाषक ल्होत्शाम्पा लोकांना देशाबाहेर जावं लागलं. एक लाखाहून अधिक माणसं नेपाळमधल्या छावण्यांत राहिली. आणि उत्पन्नापेक्षा लोकांचा आनंद मोजणाऱ्या, 'सकल राष्ट्रीय आनंदा'च्या या देशातली तरुण पोरं आज मोठ्या संख्येने ऑस्ट्रेलिया गाठतायत. आमच्या ड्रायव्हरचा धाकटा भाऊही पर्थला. "आनंद इथे आहे, पगार तिथे," एवढंच ड्रायव्हर बोलला आणि घोच्या पोटाजवळच्या खिशातून सुपारी काढली. त्या खिशाची मला फार गंमत वाटली. घो हा पुरुषांचा पोशाख. कमरेला पट्टा आवळून वरचा भाग फुगवतात, त्यातच खिसा तयार होतो. त्यातून सकाळपासून मोबाइल, पाण्याची बाटली, आमची परवान्याची कागदपत्रं आणि एक अख्खं सफरचंद निघालं होतं.

जेवणाचं सांगतो. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. एमा दात्शीत मिरची चवीला नसते, मिरचीचीच भाजी असते. ठेच्यावर वाढलेला आमचा मित्र पहिल्या घासाला "काही नाही रे" म्हणाला आणि चौथ्या घासाला बाहेर जाऊन उभा राहिला. शाकाहारी लोकांनी केवा दात्शी (बटाटा) किंवा शामू दात्शी (अळंबी) मागवावी, लाल भाताबरोबर उत्तम लागते. "मिरची कमी" आधीच सांगा, तरी ती असतेच.

पारोजवळचा ताक्त्सांग मठ शेवटच्या दिवशी ठेवा, तोवर उंचीची सवय होते. बौद्ध गुरू पद्मसंभव, म्हणजे तिथले गुरु रिन्पोचे, वाघिणीवर बसून इथे आले, अशी श्रद्धा. मठ १६९२ चा, १९९८ च्या आगीत जळाला, पुन्हा तसाच उभा केला. मठ ३१२० मीटरवर आहे. सकाळी लवकर निघा. घोडा अर्ध्या वाटेवरच्या कॅफेटेरियापर्यंतच जातो. आई तिथपर्यंत घोड्यावर आली आणि समोरच्या कड्याला चिकटलेला मठ बघत तिथेच चहा पीत बसली. गुडघ्यांची तक्रार असेल तर हाच बेत करा, कारण पुढे मठ हाताशी आला असं वाटतं तिथूनच पायऱ्या आधी दरीत उतरतात, मग पुन्हा चढतात. आत फोन, बॅग नेता येत नाही. पूर्ण बाह्यांचे कपडे हवेत, टोपी काढायची, आणि स्तूपाला प्रदक्षिणा नेहमी तो उजव्या हाताला ठेवूनच.

पैशांचं सोपं आहे. तिथलं चलन न्गुलट्रम आणि आपला रुपया एकाच भावाचे, रुपये बहुतेक ठिकाणी घेतात. २०२१ पासून आपलं यूपीआयही सुरू झालंय, पण लहान गावांत त्याच्या भरवशावर राहू नका, रोख ठेवा. सुट्टे न्गुलट्रममध्ये मिळतात, ते निघण्याआधी संपवा. आमच्याकडे साडेतीनशे उरले होते. जयगावला त्याचा चहा, बिस्किटं आणि आईसाठी छत्री आली. परतीच्या बागडोगरा विमानतळावर ते कोणी हातात धरलं नसतं.