"ते माझं काढून टाका"

पितृपक्षातला सोमवार होता. करार कायद्याचा तास घेऊन मी स्टाफरूममध्ये येऊन बसले आणि फोन वाजला. नंबर ओळखीचा नव्हता, आवाज मात्र पहिल्या शब्दाला ओळखला. मे महिन्यापासून तो आवाज मी इयरफोन लावून ऐकत होते, थांबवून, मागे नेऊन, एकेक शब्द वहीत उतरवून घेत होते.

"मॅडम, ते माझं बोलनं काढून टाका. कागदबी फाडून टाका. तुमीच म्हनल्या होत्या ना, कवाबी नको म्हनता येतं म्हून."

"हो ताई, म्हटलं होतं," मी म्हणाले.

मी पुण्यात एका विधी महाविद्यालयात शिकवते. पीएच.डी.चा विषय आहे गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियेतली संमती आणि त्याबाबतचा कायदा, बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या संदर्भात. हा प्रश्न २०१९ साली वर्तमानपत्रांतून देशभर गेला. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली, म्हणजे जवळजवळ १७ टक्के. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये देशभरात हे प्रमाण ३ टक्क्यांच्या आसपास आहे. दोन पाहण्यांची पद्धत वेगळी, वयोगट वेगळे, म्हणून आकडे शेजारी ठेवून थेट भागाकार करू नये, हे मी विद्यार्थ्यांना बजावते. पण एवढी तफावत नुसत्या पद्धतीच्या फरकाने भरून निघत नाही.

फडावरचा हिशोब शहरात सांगावा लागतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. टोळी नेणाऱ्या मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घ्यायचे ते त्या कोयत्यावर, हंगाम सुरू व्हायच्या आधी. एक दिवस काम बुडलं की खाडा, आणि खाड्याचे पैसे अंगावर चढतात. पाळी असो, बाळंतपण होऊन महिना झालेला असो, मोळी उचलावीच लागते. राहायच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, ना संडास, ना पुरेसं पाणी. अंगावरून जायला लागलं, ओटीपोट दुखायला लागलं की बाई खासगी दवाखाना गाठते. तिथे कॅन्सरची भीती दाखवली जाते आणि पुढच्या हंगामाच्या आत पिशवी काढून होते. एवढं सार्वजनिक अहवालांत आणि बातम्यांत आलेलं आहे. फोन करणाऱ्या ताईंच्या बाबतीत काय घडलं, ते मी इथे लिहिणार नाही. त्यांनी नको म्हटलं आहे.

कायदा काय म्हणतो, ते माझ्या प्रबंधातलं सगळ्यात भक्कम प्रकरण आहे आणि मला त्याचा अभिमान आहे. समीरा कोहली खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १६ जानेवारी २००८ रोजी दिला. ४४ वर्षांची अविवाहित बाई तपासणीसाठी दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला तयार झाली. ती भुलीखाली असताना बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन तिची पिशवी काढली गेली. न्यायालयाने स्पष्ट केलं की तपासणीला दिलेली संमती म्हणजे उपचाराला दिलेली संमती नव्हे. जिवाला धोका असेल तरच अपवाद. सज्ञान, भानावर येऊ शकणाऱ्या बाईच्या वतीने आईनेही हो म्हणायचं नाही. भरपाई मिळाली २५,००० रुपये. हा आकडा वर्गात सांगितला की मुली दर वर्षी वर बघतात.

त्यानंतर डॉ. नरेंद्र गुप्ता यांची २०१३ सालची जनहित याचिका. मूळ प्रश्न बिहार, छत्तीसगड आणि राजस्थानातल्या अनावश्यक शस्त्रक्रियांचा. ५ एप्रिल २०२३ रोजी न्यायालयाने राज्यांना केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं तीन महिन्यांत लागू करायला सांगितलं. बीडमध्ये तर त्याच्या आधीच खासगी दवाखान्यांना जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी लागू लागली होती. कागद भरपूर आहेत. बाईला त्या टेबलावर नेमकं काय विचारलं गेलं, हे मात्र त्यातल्या एकाही कागदातून कळत नाही. म्हणून मी गावात गेले.

आमच्या क्षेत्रात हे फारसं कुणी करत नाही. निकाल गोळा करायचे, परिच्छेद क्रमांक टाकायचे, शेवटी चार शिफारशी, झालं संशोधन. ज्या बाईचा निकालच लागला नाही, कारण ती कोर्टापर्यंत पोचलीच नाही, ती अशा संशोधनात कुठेच नसते. ग्राहक आयोगात तक्रारीला मुदत दोन वर्षांची. आपली पिशवी विनाकारण गेली असावी, हे बाईला कळेपर्यंत किती हंगाम उलटलेले असतात!

माणसांवरच्या संशोधनाला मान्यता देणारी नैतिकता समिती लॉ कॉलेजला स्वतःची नसल्याने मी दुसऱ्या एका संस्थेच्या समितीकडे गेले. तीन बैठका झाल्या. माहितीपत्रकाचा टाइप किती मोठा, आवृत्ती क्रमांक कुठे, पानाच्या तळाशी तारीख का नाही, यावर तास तास गेले. बाई कुठे बसून बोलणार, घरात सासू असेल तर काय, हे एकाही सदस्याने विचारलं नाही. भाषांतर करून आलं तेव्हा त्यात "आपण कोणत्याही टप्प्यावर सहभाग मागे घेण्यास मुक्त आहात" असं वाक्य होतं. ते मी खोडलं आणि लिहिलं: "कधीही नको म्हणता येईल. कारण सांगायची गरज नाही. मला राग येणार नाही." अख्ख्या प्रबंधात एवढी तीन वाक्यं मी सर्वांत जपून लिहिली आहेत. प्रत्येक बाईला ती वाचून दाखवली आणि नंतर तिच्याच तोंडून परत सांगायला लावली.

अंगठ्याचं आणखी वेगळं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे लिहिता-वाचता न येणाऱ्या व्यक्तीने अंगठा देताना निष्पक्ष साक्षीदार हवा, म्हणजे संशोधनाशी संबंध नसलेला माणूस. गावात असे सगळेच. पण बाईवर ज्याचा दाब नाही असा माणूस कुठून आणायचा? नवरा पुढे व्हायचा, नाहीतर दीर. एका गावात आशा स्वयंसेविका म्हणाल्या, "मॅडम, मी सही केली तर उद्या दवाखान्यातून मलाच फोन येईल." एकेका साक्षीदारासाठी माझा दिवस दिवस गेला आहे.

त्या सोमवारी फोन ठेवला तेव्हा माझ्यासमोर प्रकरण चारचा मसुदा उघडा होता. ते प्रकरण या मुलाखतीवर उभं होतं.

गाइड सरांना फोन केला. ते म्हणाले, "एकदा भेटून ये. नीट समजावून सांग." सर भले आहेत, माझ्यासाठी त्यांनी खूप केलंय. पण 'समजावून' हा शब्द मला लागला. माझ्या वहीत तो शब्द किती मुलाखतींत आलाय! डॉक्टरांनी समजावलं, नर्सबाईंनी समजावलं, नवऱ्याने समजावलं.

दुपारी माहिती तंत्रज्ञान कायदा शिकवणाऱ्या सहकाऱ्याशी बोलले. त्यांनी कलमंच काढली. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा. कलम ६ म्हणतं की संमती मागे घेणं ती देण्याइतकंच सोपं हवं. पण त्याच कलमाप्रमाणे, मागे घेण्याआधी जे काम झालं ते बेकायदा ठरत नाही. कलम १७ मध्ये संशोधनाला सूट. "नाव काढलंस, गाव काढलंस, विश्लेषण आधीच झालंय. कायदा तुझ्या बाजूने आहे. चार वर्षं पाण्यात घालू नकोस."

कलमांचा अर्थ ते बरोबर सांगत होते, मला खोडून काढता आला नाही. पण दवाखान्यांच्या ज्या संमती फॉर्मांवर मी चार वर्षं लिहितेय, तेही कायदेशीरच दिसतात. छापील मजकूर, तारीख, खाली अंगठा. त्यांच्यापुढे मी माझा कायदेशीरपणा कुठल्या तोंडाने ठेवणार होते?

तरी एक गोष्ट मला झोपू देत नाही. फोनवर ताईंच्या मागे पुरुषाचा आवाज होता. काय म्हणत होता ते कळलं नाही. दिवस उचलीचे होते, दसऱ्यानंतर टोळ्या निघतात. पुण्याहून आलेल्या बाईशी बोलल्याचं मुकादमाला कळलं असेल का? मी विचारलं होतं, "ताई, कुणी काही म्हणालं का?" त्या थोडं थांबल्या. मग म्हणाल्या, "न्हाई. माझंच मन न्हाई."

सकाळी मी हेच शिकवलं होतं. भारतीय करार कायदा, १८७२. कलम १३: दोघांनी एकाच गोष्टीला एकाच अर्थाने मान्यता देणं म्हणजे संमती. कलम १६: एकाचा दुसऱ्याच्या इच्छेवर वरचष्मा असेल आणि त्याने त्याचा गैरफायदा घेतला, तर तो अवाजवी प्रभाव. मग नकारावर प्रभाव असेल तर? तो नकार मी रद्द समजायचा? तसं समजले तर या बाईला खरं काय हवंय ते मी ठरवणार, तिच्या वतीने. मान्य केला तर कदाचित मी मुकादमाचाच निरोप पाळतेय. सलग दोन रात्री मी हे कागदावर मांडत बसले. दोन्ही बाजूंनी युक्तिवाद लिहिले, वकिली केली होती तेव्हा लिहायचे तसे. निकाल लिहिता आला नाही.

बुधवारी मी पुसायला बसले. रेकॉर्डरमधली फाइल. लॅपटॉपवरची प्रत. घरातल्या हार्डडिस्कवरची दुसरी प्रत. उतरवलेला मजकूर, १९ पानं. कुठला क्रमांक कुणाचा हे सांगणारा संकेतांकांचा तक्ता, त्यातली ताईंची ओळ. प्रकरण चारमधले अकरा परिच्छेद. सरांना ईमेलने गेलेला मसुदा, तो त्यांना काढून टाकायला सांगितलं आणि त्यांनी काढला. वहीतली पानं फाडताना पाठीमागच्या पानावर दुसऱ्या एका बाईची मुलाखत निघाली. ती आधी स्वच्छ कागदावर उतरवून घेतली, मग पान फाडलं. सगळं व्हायला संध्याकाळ झाली.

राहिला संमतीचा कागद. चार पानं, शेवटच्या पानावर निळ्या शाईचा अंगठा, बोटाची वरची रेष थोडी फरफटलेली, कारण तेव्हा वारा होता आणि कागद हलला. ताईंनी नेमका तोच फाडायला सांगितला होता. त्यांच्या लेखी बोलणं म्हणजे हवा, कागद म्हणजे पुरावा. समितीला विचारलं तर उत्तर आलं की रेकॉर्डिंग पुसलं ते योग्य, मात्र संमतीपत्र आणि ती मागे घेतल्याची नोंद जपून ठेवावी, नियम तसा आहे. म्हणजे त्यांनी सांगितलेलं सगळं गेलं आणि त्यांचं नाव, गाव, अंगठा एवढंच माझ्याकडे उरलं. समितीचं म्हणणं मला कळतं. उद्या कुणी विचारलं तर संमती होती हे दाखवायला कागद लागतो. पण तो कागद माझ्या रक्षणासाठी आहे, त्यांच्या नव्हे, आणि हे मी समितीला लेखी कळवलं आहे. मूळ प्रत त्यांची त्यांना परत द्यावी, माझ्याकडे फक्त क्रमांक आणि तारखेची नोंद ठेवावी, अशी परवानगी मागितली आहे.

आठवडाभराने मी त्याच नंबरवर फोन केला. मुलीने उचलला आणि आईला दिला. सगळं पुसल्याचं सांगितलं. मग विचारलं, "ताई, एवढंच लिहू का, की एका बाईने नको म्हटलं? तुमचं नाव नाही, गाव नाही, तुमची कुठलीच गोष्ट नाही."

"तेवढं लिवा," त्या म्हणाल्या. मग लगेच, "कागद फाडला का?"

"अजून नाही ताई. पाकिटात बंद करून ठेवलाय. वर पत्र दिलंय, तुमचा कागद तुमच्याच हातात द्यावा म्हणून."

"मंग दसऱ्याच्या आत बघा. पुढं आमी हितं नसतो."

दसरा होऊन चार दिवस झाले. समितीचं उत्तर आलेलं नाही. पाकीट माझ्या कपाटात आहे.