टप उघडून सज्जनगड, ठोसेघर आणि चाळकेवाडी: काढलेली पॅनेले गाडीत कशी न्यावीत

जीप रँग्लरच्या कडक टपाचे पुढचे दोन भाग, म्हणजे चालकाच्या आणि शेजारच्या आसनावरची पॅनेले, सोडवून काढता येतात, आणि पावसाळा सरल्यावर साताऱ्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरात हिंडायला याहून सुखाची सोय मला ठाऊक नाही. थारच्या कन्व्हर्टिबल प्रकारातला कापडी टप दुमडून गाडीवरच मागे राहतो. रँग्लरची पॅनेले मात्र एकदा काढली की दिवसभर सोबत वागवावी लागतात. आम्ही उभयता ऑक्टोबरअखेरीस सातारा, सज्जनगड, ठोसेघर, चाळकेवाडी असे जाऊन आलो. त्या स्थळांची वर्णने भरपूर वाचायला मिळतात, म्हणून येथे मी काढलेल्या पॅनेलांची वाटेत कशी निगा राखावी एवढेच सविस्तर लिहीत आहे.

पॅनेले घरीच, साताऱ्यातून निघण्यापूर्वी काढावीत. सन व्हायजर खाली करून आतल्या कड्या फिरवायच्या, काचेच्या वरच्या कडेचे खटके उघडायचे आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून पॅनेल सरळ वर उचलायचे. मधल्या सांध्यावर एका पॅनेलची कड दुसऱ्यावर बसत असल्याने कोणते आधी काढायचे आणि कोणते आधी बसवायचे हा क्रम गाडीच्या पुस्तिकेत पाहून ठेवावा. काढलेले पॅनेल जमिनीवर टेकवू नये. आपल्याकडच्या सड्यांवर, म्हणजे उघड्या खडकाळ पठारांवर, आणि वाहनतळांवर जांभ्याची खर असते, तिने रंगावर ओरखडे उठतात आणि कडेच्या रबरी पट्टीत कण अडकले की पुढे तेथूनच पाणी झिरपते. आम्ही घरून एक सुती वाकळ नेली होती; ती अंथरून त्यावर पॅनेले ठेवली आणि नंतर तीच त्यांच्याखाली डिकीत घातली.

आता मुख्य मुद्दा. पॅनेले ठेवण्यासाठी मधे पडदा असलेली खास पिशवी मिळते, ती मागच्या आसनाच्या पाठीला लावून पट्टे डोके टेकण्याच्या उशांभोवती घ्यायचे असतात. पिशवी वापरावीच, पण ती मुख्यतः ओरखडे टाळते, धक्का पेलण्याचे काम तिच्यावर सोपवू नये असे माझे ठाम मत आहे. गाडी एकाएकी थांबली, तर आतली मोकळी वस्तू त्याच वेगाने पुढे जात राहते. ताशी 60 किलोमीटर हा वेग सुमारे 14 मीटर उंचीवरून पडलेल्या वस्तूला जमिनीवर आदळताना असतो, आणि ताशी 80 किलोमीटरला ही उंची सुमारे 25 मीटर होते. मागच्या आसनावर मुले किंवा वडीलधारी माणसे बसलेली असतील, तर त्यांच्या मानेमागे काय आहे याचा विचार या आकड्यांनिशी करावा. म्हणून पॅनेले आसनाच्या पाठीला चिकटवून उभी ठेवावीत, आसनाची पाठ दोन्ही बाजूंनी खटक्यात बसली आहे हे हाताने हलवून पाहावे, आणि डिकीतल्या लोखंडी कड्यांतून रॅचेटचा, म्हणजे एकाच दिशेने आवळत जाणाऱ्या खटक्याचा, पट्टा ओवून तो पिशवीवरून आवळावा. पट्टा पॅनेलच्या कडेवर येत असेल तेथे जाड कापड घालावे आणि रबरी पट्टी चेपेल इतका ताण देऊ नये. ताणल्या जाणाऱ्या रबरी दोऱ्या या कामाला चालत नाहीत, कारण नेमक्या धक्क्याच्या वेळी त्या लांबतात. निघण्याआधी आरशातून मागची काच दिसते का, हेही पाहावे.

बोगदा ओलांडून परळीच्या रस्त्याला लागलो आणि काही अंतरावर गाडी थांबवून पट्टा पुन्हा आवळला. गतिरोधकांवरून गेल्यावर कापड दबते आणि पट्टा सैल होतो, म्हणून ही तपासणी चुकवू नये. सज्जनगडाच्या चढावर ऊन अंगावर घेत आणि खाली उरमोडी धरणाचे पाणी पाहत जाणे फार सुंदर वाटले. गडाच्या पायथ्याशी गाडी उघडी ठेवायची असेल, तर आसनांवर काहीही सोडू नये, माकडे लगेच येतात. गाळप हंगामात उसाच्या ट्रॉलीमागे उघड्या टपाने राहणेही टाळावे, कारण पाचट थेट डोळ्यांत येते.

ठोसेघरला आभाळ भरून आले. तेथेच, झाडांच्या आडोशाला, आम्ही पॅनेले बसवून टाकली, आणि पुढे चाळकेवाडीला पोहोचल्यावर तो निर्णय किती योग्य होता ते कळले. त्या पठारावर पवनचक्क्या उभ्या आहेत त्या वाऱ्यामुळेच. तेथे आडवे धरलेले पॅनेल शिडासारखे वारा धरते आणि दोन माणसांच्या हातूनही सुटू शकते. उघड्या सड्यावर पॅनेल काढणे किंवा बसवणे, दोन्ही वर्ज्य समजावे. पाऊस गाठेल असे वाटले, तर घाट चढण्यापूर्वी भिंतीच्या किंवा झाडीच्या आडोशाला हे काम उरकावे.

पॅनेले मागच्या टपावर दोरीने बांधून नेता येतील का, असे काही जण विचारतात. नेऊ नयेत. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो, आणि सुटलेले पॅनेल मागून येणाऱ्या दुचाकीस्वारावर जाऊन पडते.

परतताना पुण्याकडे जाणाऱ्यांनी राष्ट्रीय महामार्ग 48 वर चढण्यापूर्वी पॅनेले बसवलेली असावीत. बसवल्यावर प्रत्येक कडी पूर्ण फिरली आहे आणि प्रत्येक खटका बसला आहे हे पाहून पॅनेल आतून तळव्याने वर ढकलून बघावे. जराही हलले, तर पुन्हा उघडून बसवावे. पिशवी आणि वाकळ ओली झाली असेल, तर घरी पोहोचल्यावर दोन्ही वाळवूनच घडी घालावी, नाहीतर पुढच्या वेळी बुरशीचे डाग पॅनेलच्या आतल्या अस्तरावर उतरतात.