तुम्ही विचारलंत म्हणून: आधी हेल्पलाइनचा नंबर फिरवून बघा

मी शाळेच्या ग्रंथालयात काम करते. समुपदेशक नाही, डॉक्टर तर नाहीच. तरी वर्षाकाठी चार-पाच पालक काउंटरपाशी रेंगाळतात आणि मागचं माणूस गेलं की आवाज उतरवून विचारतात, "मुलं जिवाचं बरंवाईट करून घेतात ना, त्याबद्दल खात्रीची माहिती कुठे मिळेल हो?" एका आईने तर त्याआधी बागकामाचं पुस्तक मागून घेतलं होतं. तुम्हीही तेच विचारलंत, म्हणून सांगते.

पहिल्यांदा मी चुकले, ते आधी सांगते. कुठूनतरी आलेली हेल्पलाइनची यादी छापून नोटीस बोर्डावर लावली. दोन वर्षं होती ती तिथे. मग एका रिकाम्या दुपारी ते नंबर फिरवून पाहिले. सातपैकी दोन बंद. एक नुसता वाजत राहिला. एक सकाळी दहा ते संध्याकाळी सहाच चालणारा निघाला, आणि यादीत त्याच्यापुढे ठळक '२४ तास'. रात्री दोन वाजता एखाद्या पोराने धीर करून तोच लावला असता तर? कागद फाडून टाकला.

तेव्हापासून मी स्वतः लावून पाहिल्याशिवाय कुणाला नंबर देत नाही. पलीकडून उचलला की लगेच सांगते, मी फक्त चौकशी करतेय. खऱ्या गरजवंताची लाइन अडायला नको. वेळ काय, कोणत्या भाषेत बोलता, लिहून बोलायची सोय आहे का (मुलांना फोनवर बोलण्यापेक्षा मेसेज बरा वाटतो), आणि मुलाने फोन केला तर घरी कळवता का. या शेवटच्या बाबतीत नियम जागोजागी वेगळे असतात; गुप्तता कुठवर पाळतो हे आडपडदा न ठेवता सांगणारी सेवा मी यादीत घेते. भारतात टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ आहे, अमेरिकेत ९८८. दोन्ही २०२२ सालचे. आणखी कुठे असाल तर 'फाइंड अ हेल्पलाइन' या संकेतस्थळावर देश निवडला की तिथल्या सेवा दिसतात. अर्थात तेही नंबर लावून बघाच.

वाचायच्या मजकुराची माझी परीक्षा एकच: मुलाला थेट विचारा, असं त्यात लिहिलंय का? विचारलं तर नसलेलं डोक्यात भरेल, ही भीती मलाही होती. २००५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या हायस्कूलच्या दोन हजारांवर विद्यार्थ्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्यांना आत्महत्येच्या विचारांबद्दल सरळ विचारलं होतं, निम्म्यांना नाही. विचारलेल्यांमध्ये असे विचार वाढले नाहीत. आधीच खचलेल्या मुलांचा ताण उलट थोडा हलका झाल्याचं दिसलं. तेव्हा 'मनात काही येत नाही ना तुझ्या?' असं नको. त्यात 'नाही' हे उत्तर आपणच पुरवतो. "जीव द्यावासा वाटतो का तुला?" असं विचारायचं. एकदा आरशासमोर म्हणून बघा, घशात अडकतं.

जिथे 'कसं केलं' याची वर्णनं आहेत, 'नापास झाला म्हणून' असं एकच कारण चिकटवलंय किंवा 'आत्महत्येचा यशस्वी प्रयत्न' असे शब्द आहेत, ते पान मी मिटते. यशस्वी कसलं डोंबलाचं! चांगल्या मजकुरात घरातली औषधं आणि विषारी वस्तू कुलपात ठेवा, हेही असतं, कारण मरणाची तीव्र ओढ पुष्कळदा थोडाच वेळ टिकते आणि तेवढ्या वेळात हाताशी काही नसणं मोलाचं ठरतं. मात्र मूल आत्ता, या क्षणी धोक्यात वाटत असेल तर माझी यादी राहू द्या. त्याला एकटं सोडू नका, जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात घेऊन जा.

नवी यादी नोटीस बोर्डावर नाही. तिथे उभं राहिलं की सगळ्यांना दिसतं. ती आता सगळ्यात आतल्या कपाटाच्या बाजूला आहे, खाली नंबरच्या फाडून नेता येतील अशा पट्ट्या आणि कोपऱ्यात नंबर तपासल्याची तारीख. कुणी फाडली ते मी बघत नाही. सोमवारी मोजते, गेल्या सोमवारी तीन कमी होत्या.