रायतूरला वाचलेली ओवी

सावंतवाडीहून निघाल्यापासून मडगाव येईपर्यंत मी टिपणं तीनदा चाळली. वीस वर्षं महाविद्यालयात जुनी मराठी शिकवतेय, तरी धाकधूक होती. गोव्यातल्या रायतूरच्या सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या विद्यालयात, ‘क्रिस्तपुराणा’वर, बायबलमधल्या कथा सांगणाऱ्या जुन्या मराठी काव्यावर, बोलायचं म्हणजे ज्याचं त्याच्याच घरात सांगायचं. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट संघाचे इंग्रज पाद्री १५७९ साली गोव्यात आले, तिथल्याच साष्टी भागात राहिले आणि अकरा हजारांच्या आसपास मराठी ओव्या लिहून गेले. १६१६ साली पुराणाची पहिली छपाई झाली ती रायतूरलाच, रोमन लिपीत. त्या आवृत्तीची एकही प्रत आज उरलेली नाही.

सभागृहात सेमिनरीतले ब्रदर, म्हणजे पाद्री होण्यासाठी शिकणारे विद्यार्थी, होते, जवळपासच्या गावांतली मंडळी होती, शेवटच्या रांगेत चार वयस्क बायका. मी ठरवून ठेवलेल्या वाक्यानेच सुरुवात केली: परक्या लिपीत अडकलेलं हे मराठी पुराण आपण सोडवून आणलं पाहिजे. वाक्य मला फार आवडलेलं होतं.

मग पडद्यावर १९०७ च्या मंगळूर आवृत्तीचं पहिलं पान लावलं. तीही रोमनच. मी आजवर देवनागरी पुस्तकातून वाचत आलेली. ते पुस्तक पिशवीत होतं आणि पिशवी खाली, खुर्चीपाशी. म्हटलं, पडद्यावरूनच वाचू. “वो नमो विसुआ...” इथे अडले. पुन्हा वाचलं, पुन्हा अडले. ओवी मला पाठ आहे, पण डोळ्यांसमोरची अक्षरं तोंडातल्या शब्दांशी जुळेचनात. कानशिलं तापली.

दुसऱ्या रांगेतला एक ब्रदर हळूच उठला. “टीचर, तो ‘यू’ म्हणजे ‘व’. लॅटिनात आम्ही तसाच वाचतो. दोन ‘एन’ आले की ‘ण’. आणि ‘ईए’ म्हणजे ‘या’. आमची घरची प्रार्थनेची पुस्तकं रोमीतच, रोमन लिपीतल्या कोंकणीतच असतात.”

मी त्याला माइक दिला. तो एका दमात म्हणाला:

वो नमो विश्वभरिता
देवा बापा सर्व समर्था
परमेश्वरा सतेवंता
स्वर्ग पृथुवीच्या रचणारा

कुठे थांबायचं, चौथ्या चरणाला आवाज कुठे सोडायचा, त्याला कुणी शिकवलेलं नव्हतं. ‘पृथुवीच्या’तला तो ‘च्या’ इतका सहज आला की मी बघतच राहिले.

मागून आवाज आला, “रचणार? हें आमी सदांच म्हणटांव!” शेवटच्या रांगेतल्या एक आजी. विश्वासांगीकारात, म्हणजे श्रद्धा सांगणाऱ्या प्रार्थनेत, देवबापाला त्या रोज ‘रचणार’ म्हणतात. शेजारणींनी माना हलवल्या. हा शब्द मी वर्गात कितीदा तरी फळ्यावर लिहिलाय, ‘निर्माता’ असा अर्थ देऊन पुढे गेलेय. कुणाच्या तरी ओठांवर तो अजून रोज येतो, हे माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.

तिथून पुढे टिपणांचा उपयोग नव्हता. तो वाचत गेला, मी अर्थ सांगत गेले, आणि अधूनमधून आजी आम्हा दोघांनाही थांबवून आपला शब्द सांगत होत्या. ‘सतेवंत’ म्हणजे काय, असं त्याने विचारलं तेव्हा मात्र मला सांगता आलं: सत्यवंत.

चहानंतर तो पानांच्या झेरॉक्स मागायला आला. आम्ही व्हरांड्यात बसलो आणि पहिला अवस्वरू (पुराणाचा अध्याय) पुढे वाचायला घेतला. तिथे नव्याने ख्रिस्ती झालेले लोक पाद्रींना म्हणतात, आमची पुराणं गेली, त्यांच्या जागी आमच्या भाषेत काही द्या. ते मागणं त्याने दोनदा वाचलं, दुसऱ्यांदा फार सावकाश. सेमिनरीतल्या एका फादरांनी येऊन मला बसची आठवण करून दिली. मी म्हटलं, एवढा प्रसंग संपवते आणि निघते.