‘ओ’ महाराष्ट्र, ‘ओ’ कर्नाटक

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. तुमच्याआधी पालकसभेत, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं होतं, “बेळगावात राहून फ्रेंच कशाला शिकवता? घरात मराठी, शाळेत इंग्रजी, कन्नड तर घ्यावीच लागते. त्यात ही चौथी कुणाच्या कामाची?”

मार्कांसाठी. हे आधीच कबूल करून टाकते, नाहीतर पुढचं सगळं तुम्ही सारवासारव म्हणून वाचाल. शालेय पेपरात व्याकरणाचा वाटा मोठा असतो आणि व्याकरण घोटून घेता येतं. बहुतेक मुलं दहावीनंतर वही बंद करतात. नोकरीचं म्हणाल तर ए-वन, ए-टूच्या (म्हणजे सहापैकी सगळ्यांत खालच्या दोन पातळ्यांच्या) सर्टिफिकेटवर कुणी दारात उभं करत नाही. फ्रान्सच्या विद्यापीठात फ्रेंचमधून शिकायचं तर साधारण बी-टू, म्हणजे चौथी पातळी लागते, आणि शाळेतली आठवड्याला तीन-चार तासिकांची फ्रेंच तिथवर पोचत नाही. पोचते असं ब्रोशरमध्ये लिहिणाऱ्यांना विचारा.

पण ‘आपल्या मुलांना जड जाते’ हे मात्र मला मान्य नाही. फ्रेंचमध्ये टेबलसुद्धा स्त्रीलिंगी, याला इंग्रजीतून आलेला माणूस हबकतो. आपल्याकडे खुर्ची ती, पलंग तो, टेबल ते. मराठी पोराला लिंग म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. फक्त नपुंसकलिंग काढून घ्यावं लागतं. विशेषण नामाप्रमाणे बदलतं, हे ‘मोठा-मोठी’ म्हणणाऱ्याला नवं नाही. ‘त्यु’ आणि ‘व्हू’ म्हणजे तू आणि तुम्ही. भूतकाळातला सगळ्यांत छळवादी नियम घ्या. कर्म आधी आलं, तर क्रियापदाचं रूप त्या कर्माच्या लिंगाप्रमाणे चालतं. ‘त्याने आंबा खाल्ला, त्याने कैरी खाल्ली’ एवढी एक ओळ फळ्यावर लिहिली की अर्धं काम होतं.

चुका होतात त्या वेगळ्याच ठिकाणी. आमच्या भागात मुलीही ‘मी येतो, मी जातो’ म्हणतात. आई तसं बोलते, आजी तसं बोलते. फ्रेंचमध्ये ‘मी गेले’ लिहिताना मुलीने शेवटी एक जादा ‘इ’ (e) अक्षर जोडायचं असतं. ते उच्चारात ऐकू येत नाही, फक्त कागदावर दिसतं. पुण्याहून आलेली मुलगी ते विसरते तेव्हा ‘गेले’ची आठवण करून दिली की पुरतं. खानापूरकडच्या मुलीला त्या आठवणीचा उपयोग नाही, कारण तिच्या तोंडी ‘गेलो’च आहे. तिला नियम नियम म्हणूनच शिकवावा लागतो, आणि तिचं मराठी चुकीचं नाही हेही त्याच तासाला सांगावं लागतं.

उच्चारांचं थोडक्यात सांगते. त्यु, रु यांतला जो उकार आहे, तो आपला उ नव्हे. ‘ई’ म्हणा, जीभ जिथे आहे तिथेच ठेवा, आणि फक्त ओठ शिट्टी मारल्यासारखे गोल करा. ‘र’ला मुलं ‘ख’ काढतात; गुळण्या करताना घशात जिथे पाणी खुळखुळतं, तिथून तो हलकेच काढायचा. नाकातले स्वर कोकणी बोलणाऱ्या घरातल्या मुलांना चटकन जमतात, मराठी मुलं मागे ‘न’ चिकटवतात. म्हणून माझ्या वर्गात फ्रेंच शब्द देवनागरीत लिहायला बंदी आहे. ‘बाँजूर’ (नमस्कार) एकदा लिहिलं की दहावीपर्यंत तेच वाचलं जातं. (इथे मी स्वतःच देवनागरीत लिहितेय, ते मुलांना कळू देऊ नका.)

आकड्यांना सगळे हसतात. सत्तरला साठ-दहा, ऐंशीला चार-वीस, नव्वदला चार-वीस-दहा. बेल्जियम आणि स्वित्झर्लंडच्या फ्रेंचमध्ये सत्तर-नव्वदला सुटसुटीत शब्द आहेत. ते सांगितलं की मुलं म्हणतात, मग आपण तेच शिकू. त्यांना म्हणते, घरी जाऊन आजीला विचारा. विड्याची पानं, आंबे, गोवऱ्या ‘चार विसा’ अशा मोजलेल्या तिला आठवत असतील. ‘पाच विसा शंभर’ हे आपलंच. इंग्रजी माध्यमातल्या पोराला सत्त्याऐंशी म्हणजे किती हे मराठीतही नीट ठाऊक नसतं, म्हणून चार-वीस-सातचा त्याला राग येतो.

आणि बाजार. डेल्फ ही फ्रेंचची सरकारी प्रमाणपत्र परीक्षा. तिच्या ए-वन पातळीत चार विभाग असतात, प्रत्येकी 25 गुण. एकूण 50 मिळाले की पास, पण कुठल्याही एका विभागात 5च्या खाली गेलात तर नापास. तोंडी परीक्षा पाच ते सात मिनिटांची. तिचा शेवटचा भाग म्हणजे खोटी नाणी-नोटा हातात घेऊन काहीतरी विकत घ्यायचं. आमची मुलं इथे घसरतात ती शब्दांमुळे नव्हे. आमच्या बाजारात, गणपत गल्लीत, ‘अर्धा किलो द्या की’ यात सगळं सौजन्य त्या ‘द्या’त आणि ‘की’त असतं. तेच फ्रेंचमध्ये थेट ‘मला पाहिजे’ झालं की उद्धट वाटतं. म्हणून आधी ‘बाँजूर’, मग ‘ज व्हूद्रे’ (मला हवं होतं), शेवटी ‘सिल व्हू प्ले’ (कृपया). हा क्रम अंगात मुरेपर्यंत वर्गात कुंद्याचं, म्हणजे बेळगावच्या मिठाईचं, दुकान मांडायचं. प्रमाण सांगितलं की पुढे नुसतं ‘द’ येतं, ‘दे’ नाही: अर्धा किलो ‘द’ कुंदा. यावर निम्मा वर्ग चुकतो आणि चुकत राहतो.

आता खरं उत्तर. निदान मी बरीच वर्षं देत आले ते. मी म्हणायचे, या गावात फ्रेंच ही एकच भाषा आहे जिच्यावरून कुणी कुणाच्या अंगावर जात नाही. ती इथे कुणाचीच नाही, म्हणून तिच्या तासाला सगळी मुलं एका बाकावर बसतात. वाक्य छान होतं. पालकांना आवडायचं.

नववीच्या एका चाचणीत ते मोडलं. धडा साधा होता. राहतो कुठे, हे सांगताना गावाआधी ‘आ’, स्त्रीलिंगी देशाआधी ‘आँ’, पुल्लिंगीआधी ‘ओ’, अनेकवचनी देशाआधीही ‘ओ’च, फक्त स्पेलिंग वेगळं. ‘इ’ने संपणारे देश बहुतेक स्त्रीलिंगी, मेक्सिको हा ठरलेला अपवाद. भारतातली बरीच राज्यं पुल्लिंगी धरतात, म्हणून कर्नाटकाला ‘ओ’ आणि महाराष्ट्रालाही ‘ओ’. पाच वाक्यं, प्रत्येकी दोन गुण. शेवटचं वाक्य स्वतःबद्दल: गाव आणि राज्य.

एका मुलाने लिहिलं, “जाबित आ बेळगाव, ओ महाराष्ट्र.” मी बेळगावात राहतो, महाराष्ट्रात.

व्याकरणाला कुठेही बोट लावायला जागा नव्हती. दोन्ही शब्दयोगी बरोबर, गावाचं नाव घरात म्हणतात तसं. मी लाल पेनाने ‘महाराष्ट्र’वर काट मारली, वर ‘कर्नाटक’ लिहिलं आणि दोनपैकी एक गुण दिला. त्याच गठ्ठ्यात दुसऱ्या एका मुलीने ‘बेळगावी, आ कर्नाटक’ लिहिलं होतं. गाव-राज्य सरकारी नकाशाप्रमाणे, शब्दयोगी चूक. तिलाही एक. गुणांच्या तक्त्यात दोघं सारखी दिसत होती.

पेपर वाटल्यावर तो मुलगा टेबलाशी आला. आवाज चढवला नाही. “टीचर, ह्यात फ्रेंच काय चुकलंय?” मी म्हटलं, फ्रेंच नाही, माहिती चुकलीय. तो म्हणाला, “पण चाचणी फ्रेंचची हाय की.” मागून कन्नडमध्ये कुणीतरी काहीतरी बोललं, दोघे-तिघे हसले, एक बाक सरकला. मी ‘या तासाला राजकारण नको’ म्हणाले. ते म्हणताना लाल पेन माझ्याच हातात होतं. त्याने आणखी काही विचारलं नाही, कागदाची चौघडी केली आणि जागेवर गेला.

मी तेव्हाही माझ्या बाजूचं बोलू शकत होते, आजही बोलू शकते. परीक्षेच्या फॉर्मवर पत्ता खरा लिहावा लागतो. टपाल कर्नाटकाच्या पिनकोडवरच येतं. शिक्षिकेने चुकीची माहिती बरोबर धरायची का? नाही. पण मी जर पॅरिसला ‘इटलीत’ म्हणणाऱ्याला सूचनेवर सोडते आणि शब्दयोगी बरोबर म्हणून दोन गुण देते (आणि देते, जुने गठ्ठे आहेत), तर इथेच एक का कापला? भीतीने कापला. कागद घरी जातो, घरून तो फोटो होऊन कुठे जाईल सांगता येत नाही.

त्यानंतर संस्कृतीचा तास मला आयफेल टॉवर आणि चीजच्या प्रकारांवर नेता येईना. फ्रान्स एकभाषी आहे असं आपण जे गृहीत धरतो, ते तसं नाही. पश्चिमेकडच्या ब्रेतान्य प्रांतात पूर्वी शाळेत ब्रेतों ही तिथली भाषा बोलताना सापडलेल्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा किंवा जुनं पादत्राण अडकवत. पुढचा सापडेपर्यंत ते त्याच्याकडे. हे सांगितल्यावर वर्गाला आश्चर्य वाटलं नाही. शाळेत मराठी-कन्नड बोलल्याचा दंड त्यांच्यापैकी काहींनी भरलेला होता. सीमेवरचा अल्सास प्रांत 1871 ते 1945 या काळात फ्रान्स आणि जर्मनी यांच्यात चार वेळा या देशाकडून त्या देशाकडे गेला, आणि तिथल्या बहुतेक घरांतली बोली ना पॅरिसची होती ना बर्लिनची. आज तिथल्या स्ट्रासबूर शहराच्या गल्ल्यांत फ्रेंच आणि अल्सासी अशा दोन्ही नावांच्या पाट्या आहेत. 1992 साली फ्रान्सच्या राज्यघटनेत ‘प्रजासत्ताकाची भाषा फ्रेंच आहे’ हे वाक्य घातलं गेलं. प्रादेशिक भाषा देशाचा वारसा आहेत, हे लिहायला 2008 उजाडलं.

हे शिकवल्याने वर्गात शहाणपण आलं असं काही नाही. एका मुलाने विचारलं, मग अल्सास बरोबर कुणाचा? दुसऱ्याने विचारलं, हे परीक्षेत येतं का? दुसऱ्याचं उत्तर मला देता आलं: येत नाही.

पुढच्या वर्षीपासून त्या चाचणीतलं पाचवं वाक्य बदललंय. आता गाव आणि देश विचारते. ‘आ’ आणि ‘आँ’ तपासून होतात, ‘ओ’साठी जपान घालते. मैत्रीण म्हणते, हा पळपुटेपणा आहे. असेल. राज्याची रिकामी जागा परत घालून, तिथे काहीही लिहिलं तरी फक्त शब्दयोगीला गुण द्यायचे, असा एक कागद तयार करून ठेवलाय. दोन वर्षं झाली, अजून झेरॉक्सला दिलेला नाही.